एकच माणूस कमी पडतोय

तुमच्याकडेही असा एक असणारच. आपण पंगतीत नुकते बसलेले असताना "वाढायला एकच हात कमी पडतोय" म्हणत पाटावरून उठवून आपल्या हातात वरणाची बादली देणारा. दिंडी, पत्त्यांचा डाव, आरती, भांडण, कशालाही माणूस कमी पडतो आणि तो नेमका एकच कमी पडतो, हे ज्याला सगळ्यांच्या आधी कळतं तो. आमच्या घरी हे खातं दाजींकडे आहे. फरक इतकाच, की दाजींना माणूस लागतो तो राक्षस मारायला.

"पाव्हणं, काय करायलात?"

"ऑफिसात आहे, दाजी."

"मग मोकळेच आहात की. बार्शी नाक्यावर या. चार झालेत, एकच माणूस कमी पडतोय."

जावयाला नाही म्हणायची पद्धत बीड जिल्ह्यात अजून निघालेली नाही. त्यामुळे साहेबांना "घरी जरा अडचण आहे" असं सांगून निघायचं. ते खोटंही नसतं.

दाजींचं मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, कीटकनाशकं, आणि गल्ल्याशेजारी कायम चार्जिंगला लावलेला फोन. पोकेमॉन गो हा खेळ डिसेंबर 2016 मध्ये जिओशी करार करून भारतात अधिकृतपणे आला. फुकट मिळणाऱ्या एवढ्या डेटाचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हा गावात सगळ्यांनाच पडला होता. लोकांनी तो भाषणं आणि भजनं बघून सोडवला, दाजी प्राणी गोळा करू लागले. तोवर कुणाची तक्रार नव्हती. सकाळी फिरायला म्हणून निघायचे, कंकालेश्वराच्या तळ्याकडे दोन-चार प्राणी पकडून परत यायचे. वजनही उतरलं. पण 2017 च्या जूनमध्ये कंपनीनं खेळात रेड आणली आणि आमच्या कुटुंबाचं स्वास्थ्य गेलं.

रेड म्हणजे असं. गावातल्या एखाद्या देवळावर, पुतळ्यावर, कमानीवर खेळाच्या नकाशात मोठं अंडं येऊन बसतं. तासाभरानं फुटतं. त्यातून जो निघतो तो साधासुधा नसतो. पाऊण तास तो तिथंच ठाण मांडतो. मोठ्या जातीचा असेल तर एकट्यादुकट्याला आटपत नाही. पाच-सहा जणांनी एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच वेळी, पाच मिनिटांच्या आत त्याला लोळवायचं. जास्तीत जास्त वीस जण चालतात. टोकियोत वीस होतात, पुण्यात वीस होतात. बीडमध्ये चार होतात.

कायम चार. दाजी, एक मेडिकलवाला, डिप्लोमाचा एक पोरगा आणि तलाठी भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट बघणारा एक. लढाईआधी सगळे जमेपर्यंत खेळ 120 सेकंद थांबतो. त्या 120 सेकंदांत दाजींनी रस्त्यावरून कुणाकुणाला ओढून आणलं आहे, याची यादी केली तर तालुक्याची मतदारयादी होईल. रिक्षावाला, रसवंतीवाला, युरियाचं पोतं न्यायला आलेला शेतकरी. "दादा, फोन द्या जरा. काही नाही, एकच माणूस कमी पडतोय." माणूस घाबरून फोन द्यायचा. आपल्याकडं भर चौकात अशा आवाजात फोन मागणाऱ्याला कारण विचारत नाहीत.

देवळावर अंडं, ही भानगड आमच्या आईला पहिल्यापासून पटलेली नव्हती. ती एकटीच नव्हे. देवळांत अंडी सापडतात म्हणून भावना दुखावल्याची याचिका 2016 मध्येच गुजरात उच्च न्यायालयात झाली होती. दाजींनी तिला समजावलं, की आई, हे अंडं कुणी खात नाही, ते आपोआप फुटतं. आई म्हणाली, "मग सोवळ्यातलं म्हणा."

इथं ग्राउडन आणि कायोगर यांची ओळख करून द्यायला हवी. 2002 च्या रुबी आणि सफायर या खेळांतले हे दोन महाकाय प्राणी. ग्राउडन जमिनीचा मालक, तो आला की ऊन आग ओकतं आणि दुष्काळ पडतो. कायोगर समुद्राचा मालक, तो आला की मुसळधार. दोघांचं जुनं वैर. भांडण हाताबाहेर गेलं की आभाळातून रेक्वाझा नावाचा तिसराच उतरतो आणि दोघांना गप्प करून परत वर निघून जातो. स्थानिक नेते आणि वरून येणारा निरीक्षक! बीडच्या माणसाला ही कथा फोड करून सांगावी लागत नाही.

रेडमध्ये आधी ग्राउडन आला, डिसेंबर 2017 त. या खेळातलं हवामान बाहेरच्या खऱ्या हवामानावर चालतं. ऊन असेल तर ग्राउडन विसाव्याऐवजी पंचविसाव्या पातळीचा हाती लागतो. आमच्याकडे तो जवळपास रोज पंचविसाव्याच पातळीचा निघाला. "दुष्काळ आपल्याकडं एक नंबर क्वालिटीचा मिळतो," दाजी म्हणाले. ही बढाई होती की तक्रार, ते कळलं नाही. बाहेर गिऱ्हाईक उधारी मागत उभं होतं.

जानेवारीत कायोगर आला. त्याला जोर चढायला पाऊस लागतो, म्हणजे आमच्याकडं तो बेताचाच असणार. पण दाजींना तोच हवा होता. पाण्याचा मालक आपल्या गावात आला आणि आपण त्याला तसाच जाऊ दिला, हे मोंढ्यातल्या माणसाला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. माणसं अर्थातच चार. पाचवा म्हणून मी जाऊ शकत नव्हतो, ऑडिट चालू होतं. मग दाजींनी काय करावं? आमच्या आईच्या फोनवर खेळ घालून, दुकानातल्या दुपारच्या दुपार खर्ची घालून, तिला रेडमध्ये उतरता येईल एवढ्या पातळीला आणून ठेवलं. त्या फोनवर तोवर फक्त हरिपाठ वाजत असे.

ठरल्या संध्याकाळी आई, दाजी, भाचा आणि बाकीची फौज नाक्यावर. पुढचं भाच्यानं सांगितलेलं.

"आई, बोटानं टोचत राहायचं. थांबायचं नाही."

"कुणाला टोचायचं?"

"त्या माशाला."

"का? त्यानं काय केलंय?"

दाजींनी आजवर एवढे राक्षस लोळवले, पण या प्रश्नाची तयारी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. आई टोचू लागली. कायोगर अगदी शेवटच्या सेकंदांत पडला. मग खेळाचा दुसरा अंक. हरलेल्या प्राण्यावर मोजके पांढरे चेंडू फेकून त्याला पकडायचं. नुसता चेंडू फेकला तर तो सापडण्याची शक्यता शंभरात दोन. दाजींकडे यासाठी सोनेरी बेऱ्या होत्या, चेंडू गरकन फिरवून फेकायची कला होती, मनगटाचे व्यायाम होते. त्यांचे सगळे चेंडू संपले आणि कायोगर निघून गेला. मेडिकलवाल्याचा गेला. डिप्लोमाचा गेला. तलाठ्याचा तर जाणारच होता. आईनं "हा कसला गोळा?" म्हणून स्क्रीनवर बोट फिरवलं आणि तिचा कायोगर गपकन आत गेला.

मेडिकलवाल्यानं तिच्या पाया पडून घेतलं. दाजींचा चेहरा फुलला. घरातच आला म्हणजे आपलाच आला.

आईनं नातवाला विचारलं, "मासाच ना रे हा?"

"देवमासा आहे आजी."

"आज एकादशी. गळ्यात माळ. सोड त्याला पाण्यात."

भाचा आज्ञाधारक. या खेळात सोडणं म्हणजे विलो नावाच्या प्राध्यापकाकडे पाठवून देणं. गेला की परत येत नाही. बदल्यात एक गोळी मिळते. दाजी वळून बघेपर्यंत फोनवर ती गोळी आली होती. सासूबाईंवर ओरडता येत नाही, पोराला मारावं तर त्यानं आजीचं ऐकलं. दाजी दुकानाच्या पायरीवर बसले आणि बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाले, "आई, पुढच्या वेळी…"

"पुढच्या वेळी बोलवा की," आई म्हणाली. "सोडायलाही एक माणूस लागतच असेल."

एवढ्या राक्षसांचा कर्दनकाळ म्हणून खऱ्या जनावरांपुढे दाजी कसे, असं कुणी विचारील. डिसेंबर 2021 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये दोन माकडांनी कुत्र्यांशी दावा मांडला. पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेऊ लागली. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक फुगत गेला, गाव जगभर गाजलं. शेवटी नागपूरच्या वनविभागाचं पथक आलं तेव्हा ती दोन माकडं पकडली गेली. "बघा," दाजी म्हणाले, "बॉस दोनच होते, पण टीम पाहिजेच." त्याच आठवड्यात दुकानाच्या पत्र्यावर एक माकड नाचलं, तेव्हा दाजींनी शटर आतून ओढून घेतलं होतं. मला फोन आला नाही. त्या लढाईला माणूस कमी पडत नव्हता.

एप्रिल 2020 मध्ये घरबसल्या रेड खेळायचा पास निघाला. टाळेबंदीत बाकी जग माणसांवाचून तळमळत होतं आणि दाजींना आयुष्यात पहिल्यांदा माणसं पुरली. कुठकुठल्या देशांतले लोक येऊन पेठ बीडच्या अंड्याखाली उभे राहायचे. दाजी त्यांना मराठीत सूचना द्यायचे. ते जिंकायचे. पण एप्रिल 2023 मध्ये कंपनीनं 100 नाण्यांचा तो पास 195 नाण्यांचा केला आणि दिवसाला पाचचीच मर्यादा घातली. दाजी म्हणाले, डीएपीचा भावही कुणी असा एका रात्रीत चढवला नव्हता. झालं, पुन्हा मला फोन.

हे सगळं कुरकुरत सांगतोय खरा, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि ती सांगायची माझी फारशी इच्छा नाही.

म्यूटू हा त्या जगातला सर्वांत बलाढ्य प्राणी समजा. त्याला भुताखेतांचा आणि अंधाराचा मार लागतो, आणि तिसरा मार लागतो तो किड्यांचा. दाजींना यात फार मोठं सत्य दिसतं. मूळ खेळ काढणारे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचे, मित्र त्यांना डॉक्टर बग म्हणायचे. पुढं तिथली तळी आणि शेतं इमारतींखाली गेली. त्या किडे जमवण्याच्या नादातून 1996 चा पहिला खेळ आला. आणि त्याचा इथला भक्त पोटासाठी कीटकनाशकं विकतो. पण 2017 च्या खरिपात, म्हणजे दाजी चौकाचौकांत राक्षस मारत होते त्याच मोसमात, मराठवाड्यातल्या कापसावर गुलाबी बोंडअळी तुटून पडली. बीजी-2 बियाण्याचं विष तिनं पचवलं होतं. अळी बोंडाच्या आत, फवारा बाहेर. मोंढ्यात औषधांचा धंदा उसळला. दाजी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून विचारायचे, पतंग दिसतोय का, बोंड चिरून पाहिलं का, कामगंध सापळे लावले का. "फवारून उपयोग नाही, आता ती आत बसलीय. फरदड ठेवू नका, डिसेंबरात पऱ्हाट्या उपटा, पुढच्या वर्षी उपाशी मरंल ती." म्हणजे बाटली विकायची सोडून गिऱ्हाईक परत पाठवायचे. ताई चिडायची. कुठल्या प्राण्याला नेमकं कुठं दुखतं हे आधी बघायचं, ही सवय त्यांना खेळानं लावली की दुकानानं, कुणास ठाऊक. त्या वर्षी उधारीची वही जाड झाली.

चारांची फौज आता राहिलेली नाही. डिप्लोमावाला चाकणला कंपनीत लागला. तलाठीवाला पुण्यात अभ्यासिकेत बसतो, आता तलाठ्याचा त्यानं नाद सोडला, वरची परीक्षा धरलीय. मेडिकलवाला आहे, पण त्याला मधुमेहापेक्षा बायकोची भीती जास्त. आमच्या जिल्ह्याची ही रीतच. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरतात आणि ऊसतोडीला माणसं पश्चिमेकडे, कर्नाटकाकडे निघतात. गावात म्हातारे आणि लेकरं उरतात. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, दोघांचा मिळून एक. त्या हंगामात मुकादमही बार्शी नाक्यावरच फोन कानाला लावून उभा असतो. "एकच कोयता कमी पडतोय," तो म्हणतो. मुकादमाला तो मिळतो, कारण तो आधी उचल देतो. दाजींकडे द्यायला काही नसतं.

सप्टेंबर 2025 मध्ये अहिल्यानगरहून बीडला रेल्वे आली. 1995-96 त मंजूर झालेली. सगळा जिल्हा नाचला. दाजी दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक घेऊन माझ्याकडे हजर. नगरला खेळणारी पोरं पुष्कळ आहेत, गाडीनं येतील, म्हणाले. गाडीला पाच तासांच्या वर लागतात. अंडं तासात फुटतं, प्राणी पाऊण तासात जातो. "म्हणजे अंडं दिसायच्या आधीच त्यांनी निघायचं," दाजी म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्याच वर्षी भाचा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. तोच, कायोगर सोडणारा. जाताना दाजींनी त्याच्या फोनमधला खेळ स्वतः अद्ययावत करून दिला. परवा रात्री जेवताना त्याचा फोन आला. पुण्यात एका चौकात रेड होती, पोरगा धावत पोचला, तर वीस जण आधीच भरलेले. एकविसाव्याला जागा नसते. दुसऱ्या गटात त्याला एकट्यालाच टाकलं आणि लढाई हरला.

"बाबा, मी एकविसावा निघालो," तो म्हणाला.

दाजींनी भाकरी खाली ठेवली. "मग ये की इकडं. आपल्याकडं जागाच जागा आहे."

ताईनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि परीक्षा कधी आहे ते विचारलं.