फोकस अंगणात, कुलूप अंधारात

तर एकांनी जांभळा दिवा लावला. हो, जांभळा! आणि लावला कुठं, तर तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी, जमिनीत गाडून, तोंड आभाळाकडे करून. दिवेलागणीला त्या घरची सून निरांजन घेऊन बाहेर येते, पण निरांजन काही दिसत नाही. दिसते ती जांभळी तुळस, जांभळी सून आणि उदबत्तीचा जांभळा धूर. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला, की रिमोट कुठं ठेवला? तेव्हापासून तुळस रोज रात्री सोळा रंग बदलते, आणि बटण सासूबाईंच्या हातात असतं.

आता हे मुंबईत नाही, नागपूरच्या सिव्हिल लाइन्सातही नाही. हे आमच्या बुटीबोरीत चाललं आहे. एमआयडीसीतल्या तीन पाळ्यांवर घड्याळ लावणाऱ्या गावात! दिवसभर (किंवा रात्रभर) कारखान्याच्या शेडखाली, डोळे दिपवणाऱ्या उजेडात काम करून माणूस घरी येतो. वाटेल, आता याला थोडा काळोख हवा असेल. छे! तो गोदामाला लावतात तसला फोकस विकत आणतो आणि स्वतःच्या फाटकावर ठोकतो. परवा तिकडून जाताना एका काकांनी विचारलंसुद्धा, "काऊन जी, लगन आहे का घरी?" आतून उत्तर आलं, "नाही जी, एलिव्हेशन आहे."

एलिव्हेशन! आमच्या लेआउटातल्या समस्त संसारांची झोप उडवली ती या एलिव्हेशननं. पूर्वी घराला पुढची बाजू असायची. तिला रंग द्यायचा, दारावर गणपती बसवायचा, झालं. आता पायाही खोदलेला नसतो, तेव्हा आर्किटेक्टकडून थ्रीडी चित्र येतं. त्या चित्रात वेळ कोणती असते पाहिलीत का? नेहमी संध्याकाळ. आभाळ गर्द निळं, समोर लाल गाडी, एका बाजूला बुटीबोरीत कधी कोणी न पाहिलेलं पामचं झाड, आणि घराच्या प्रत्येक कोपऱ्यातून सोनेरी उजेड ओसंडतोय. माणूस एकही नाही. कुत्रं नाही, वाळत घातलेलं धुणं नाही, पाण्याचा ड्रम नाही. मालक ते चित्र मोबाइलमध्ये ठेवतो, साळ्याला दाखवतो, साडूला दाखवतो. दोन वर्षांनी घर उभं राहतं आणि चित्रासारखं दिसत नाही म्हणून जीव तळमळतो. मग उरतं काय? लाइट.

आणि लाइटची आठवण येते केव्हा? प्लास्टर झाल्यावर, रंगाचा दुसरा हात झाल्यावर, अंगणात पेव्हर बसल्यावर! वायरमन कपाळाला हात लावतो. पाइप प्लास्टरच्या आत जातात, केबल फरशीच्या खालून जाते, हे त्यानं स्लॅबच्या वेळीच सांगितलेलं असतं. पण तेव्हा साहेब टाइल्स पाहायला नागपूरला गेलेले असतात. मग नवीकोरी भिंत छिन्नीनं फोडायची, नाहीतर कोपऱ्याकोपऱ्यातून पांढरी पट्टी मारत वायर न्यायची. एका घराच्या पुढच्या भिंतीवर आता दिव्यांपेक्षा पट्ट्याच जास्त दिसतात. रात्री दिव्यांचा उजेड बरोब्बर त्या पट्ट्यांवर पडतो.

साथ कशी पसरली तेही ऐका. पहिल्यांदा फाटकाच्या दोन खांबांवर दोन दिवे आले. साधे, शोभेचे. समोरच्यांनी लगेच भिंतीला अप-डाऊन लाइट लावले, वर एक उजेडाची पाकळी, खाली एक पाकळी. त्यावर कडी म्हणून पलीकडच्यांनी स्लॅबच्या सगळ्या कडांना प्रोफाइल लाइट फिरवला. आता रात्री तिथं घर दिसत नाही, लहान पोरानं स्केचपेननं काढलेलं घराचं चित्र दिसतं. मग कोणीतरी कडुनिंबाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत माळ गुंडाळली. झाडांना असे दिवे गुंडाळण्यावरून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि कोर्टानं मुंबई-ठाण्याच्या पालिकांना त्यावर जाब विचारला, हे मी त्या घरच्या वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते तिकडं मुंबईत. आमच्या झाडाले चालते." झाडाला विचारलं असेल बहुतेक.

खरेदीची तर वेगळीच तऱ्हा. दुकानदार विचारतो, "वॉर्म देऊ का व्हाइट?" गिऱ्हाईक जणू अपमान झाल्यासारखं म्हणतं, "व्हाइटच द्या जी! वॉर्म म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळा दिसते." खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेलं असतं, 3000 लिहिलेलं असतं, मोठ्या आकड्याचा माल भारी, या हिशेबानं 6500 घरी येतो. केल्विनचा आकडा म्हणजे उजेडाचा रंग. जितका मोठा, तितका निळसर. उजेड किती, ते ल्युमेनमध्ये मोजतात, पण ल्युमेनकडे पाहतं कोण? सगळे वॉट विचारतात. आणि निळसर पांढरा उजेड घरी आला की मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर पाहुणे हजर. पाखरं! मूठमूठ, पसापसा. वरणात पाखरं, पेल्यात पाखरं, शर्टाच्या कॉलरीत पाखरं.

ही पाखरं दिव्याला भुलून येतात असं आपण समजत आलो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं आणि 2024 च्या जानेवारीत सांगितलं, की भुलत वगैरे काही नाहीत. किड्याला वर कुठं आणि खाली कुठं हे उजेडावरून कळतं. रात्रीसुद्धा आभाळ जमिनीपेक्षा उजळ, म्हणून तो उजेडाकडे पाठ करून उडतो. मध्येच आपला दिवा आला की बिचारा त्याच्याकडे पाठ वळवत राहतो आणि गरगर फिरत अडकतो. म्हणजे तो आपल्या एलिव्हेशनवर खूश होऊन आलेला नाही. तेवढा एकच प्रेक्षक होता, तोही गेला. खूश आहे ती पाल. आमच्या शेजारच्या अप-डाऊन लाइटवरची पाल आता सरड्याएवढी झाली आहे आणि हलायचे कष्टही घेत नाही.

विदर्भाची हवा मात्र कोणाच्या एलिव्हेशनची पर्वा करत नाही, हे या कथेतलं मला सगळ्यात आवडलेलं पात्र. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. बागेच्या कडेनं बोलार्ड (दिव्याचे बुटके खांब) उभे केले होते एकांनी, ओळीत, शिपायांसारखे ताठ. खाली काँक्रीटचा पाया नाही, नुसतं मातीत रोवलेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक उत्तरेकडे झुकला, एक दक्षिणेकडे, आणि एकानं सरळ शेजाऱ्याच्या कंपाउंडवर डोकं टेकलं. ऊन तर विचारूच नका. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर दिवसभर भाजलेल्या दिव्यात एलईडी जिवंत राहतो, मरतो तो त्याच्या पोटातला ड्रायव्हर. मग दिवा लुकलुकायला लागतो. मालक म्हणतो, "डिस्को मोड आहे."

पावसाची गोष्ट जरा चेष्टा सोडून सांगते, कारण तिथं माणूस मरू शकतो. खोक्यावर आयपी म्हणून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. भिंतीवर उघड्या पावसाला 65 चालतो. जमिनीत गाडायचा असेल, भोवती पाणी साचणार असेल, तर 67 पाहिजे. घरातल्या फॉल्स सीलिंगची उघडी पट्टी बाहेर लावली, की ती पहिल्या सरीपुरतीच. ओल्या अंगणातली वायरिंग अर्थिंगशिवाय आणि 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल, तर तो दिवा आजच काढा. बागेत शक्यतो 12 व्होल्टचेच दिवे घ्या. झालं, आता परत चहाडीवर येते.

दोन फोकसांचं भांडण तुम्हाला कोणी सांगितलं का? एकांनी चोराच्या भीतीनं 50 वॉटचा फोकस लावला. त्याचं तोंड नेमकं समोरच्या बेडरूमच्या खिडकीत. समोरचा गडी पहिल्या पाळीचा, पहाटे उठणारा. आला बिचारा हात जोडून, "काका, थोडा तिरका करा ना जी." काका म्हणाले, "तिरका केला तं फाटक दिसत नाही." त्यानं पडदा लावला. मग काळा पडदा लावला. मग एके दिवशी स्वतःच 100 वॉटचा आणला आणि काकांच्या खिडकीवर रोखला. आता रात्रभर दोन फोकस एकमेकांकडे टक लावून पाहतात आणि मधल्या रस्त्यानं जाणारा माणूस डोळ्यांवर हात धरून जातो. चोरासाठी याहून सोयीची गल्ली नाही. झगझगीत उजेड डोळ्यांत गेला की बाहुल्या आकसतात आणि दिव्यामागचा काळोख आणखी काळा होतो. चोरानं दिव्याच्या मागे उभं राहायचं, बस. पाहणाऱ्याला तो दिसतच नाही.

वीजबिलाचा विषय काढला की एकच ठरलेलं उत्तर मिळतं, "सौर आहे ना!" 2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान मिळू लागलं, आणि छपराछपरावर पॅनेल चढले. फार चांगलं झालं. पण त्या दिवसापासून उजेडाला किंमत राहिली नाही. सूर्य देतो, आपण लावतो! पॅनेल नसलेल्यांनी तरी गणित करावं. 50 वॉटचे चार फोकस, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, म्हणजे रोजचे 2.4 युनिट, महिन्याचे 72. महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, हे ज्यांना पाठ आहे तेच लोक घरात पोरांना "पंखा बंद कर" म्हणून ओरडतात. बाहेर चार फोकस कोणासाठी जळतात? हायवेवरच्या ट्रकवाल्यांसाठी बहुतेक.

पण कळस झाला कोजागिरीला. गच्चीवर मंडळी जमली, आटीव दूध, केशर, चारोळी, सगळं यथासांग. चंद्राचं किरण दुधात पडलं पाहिजे ना? पातेलं मधोमध ठेवलं. तर पातेल्यात दोन चंद्र. मग तीन. मग कळलं, की खरा चंद्र टाकीच्या मागे आहे आणि दुधात पडलेत ते तीन बाजूंच्या शेजाऱ्यांचे फोकस. कोणीतरी म्हणालं, एक तास सगळे बंद करू. त्यावर जी शांतता पसरली! "आमचा सेन्सरवर आहे, बंद होत नाही." "आमचं बटण खाली आहे." "पहिले त्यांनी करावा." शेवटी दूध तसंच प्यालो. 6500 केल्विनचं.

आणि याच नागपूर जिल्ह्यात, इथून शंभरेक किलोमीटरवर, काळोखाला प्रमाणपत्र मिळालं आहे! पेंच व्याघ्र प्रकल्प, जानेवारी 2024, भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क. हे प्रमाणपत्र डार्कस्काय इंटरनॅशनल नावाची संस्था देते. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड खाली जमिनीवर पडेल असे लावले. अंधार केला नाही हो, उजेडाची मान खाली वळवली. त्या संस्थेचं म्हणणं अगदी आजीबाईच्या हिशेबाचं आहे. गरज असेल तिथंच दिवा, जिथं पाहायचं तिथंच रोखलेला, लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच, आणि रंगानं उबदार. आमच्या लेआउटातली चार कुटुंबं गाड्या काढून, पैसे खर्चून तिकडं तारे पाहायला गेली. जाताना घरचे फोकस चालू ठेवून गेली. घर बंद दिसू नये म्हणून.

आता सगळ्यात मोठा कलंक सांगते. आमच्या लेआउटात एका घराला एलिव्हेशनच नाही! शाळेतल्या निवृत्त बाई आहेत. घर बांधताना एका अमावास्येला या बाई हातात बॅटरी आणि खडू घेऊन स्वतःच्या अर्धवट अंगणात फिरल्या. जिथं पाय अडखळला तिथं खूण, जिथं किल्ली चाचपावी लागली तिथं खूण, पाण्याच्या वॉल्व्हपाशी खूण, मागच्या दाराशी जिथं साप निघतो तिथं खूण. खुणा तेवढे दिवे. टोपीसारखं झाकण असलेले, खाली पाहणारे, पिवळट, 5-7 वॉटचे. कुलपाजवळचा दिवा माणूस आला की लागतो, गेला की विझतो. पायरीचा गुडघ्याच्या खाली. काम झालं स्लॅबच्या आधी, एकही भिंत फुटली नाही. बाहेरून रात्री काय दिसतं? काही नाही. एक घर, एवढंच.

बायाबायांत चर्चा तर होणारच. बाईंचं बिल थकलं का? मुलगा पैसे पाठवत नाही का? एकीनं दबक्या आवाजात सांगितलं, त्या कंजूष आहेत म्हणून. पण गंमत अशी, की रात्री अकराला सोळा रंगांच्या तुळशीवाले घरी परत येतात, तेव्हा फाटक झगमगतं, स्लॅब झगमगतो, कडुनिंब झगमगतो, आणि दाराशी येऊन साहेब मोबाइलची बॅटरी दातांत धरून कुलूप शोधतात. दारावर दिवा राहून गेला. थ्रीडीत कुलूप नव्हतं ना.

ताजी बातमी अशी, की फोकसांच्या भांडणातले काका पेंचहून आलेत आणि फार भारावलेत. काल थेट दुकानात गेले. म्हणाले, "ते डार्क स्कायवाला लाइट द्या. सगळ्यात मोठा. रोडवरून दिसला पाहिजे."

दुकानदारानं नागपूरहून मागवला आहे म्हणे. चार नग.