दाजी, अजून चालूच आहे!

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरातून पळ काढायला कुठलंही कारण पुरतं. मेहुण्याने ट्राउटचं काढलं. "दाजी, हिमाचलात जाऊ. रेनबो ट्राउट!" हा गडी जायकवाडीच्या काठी कणकेच्या गोळ्यावर रोहू काढणारा, नाथसागरातल्या निम्म्या माशांना त्याच्या हातची कणीक पाठ असावी.

सचखंड एक्स्प्रेसने निघालो. या गाडीला वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो. स्टेशन आलं, की मेहुण्याच्या आधी त्याचं पातेलं खाली उतरे. दिल्लीहून बस धरली. औटच्या बोगद्याअलीकडे आम्ही उतरलो. मनालीवाले आमच्याकडे कीव आल्यासारखे बघत बोगद्यात शिरले. लारजी, बंजार आणि मग तीर्थन नदी.

आम्ही आठवड्याने नळ येणाऱ्या शहरातले. इथे खोलीखालून पाणी धो धो चाललेलं. मेहुणा रात्रीतून उठउठून बघून येई. "दाजी, अजून चालूच आहे!" सकाळी बघतो तर सौभाग्यवतींनी खोलीतल्या दोन्ही बादल्या आणि तांब्या भरून ठेवलेला.

परवाना काढून नदीवर गेलो. वाटाड्याने आधी आमचा भ्रम उतरवला. नदीत आहे तो मुख्यतः ब्राऊन ट्राउट, 1909च्या सुमारास इंग्रजांनी कुलूकडे आणलेला. रेनबो मूळचा अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडचा. इकडे तो बहुतेक हौदांत वाढवतात, वाहतं गार पाणी सोडून.

"म्हणजे पोल्ट्रीच की!" मेहुणा खट्टू झाला. पाणी वीस अंशांच्या वर गेलं, की हा मासा बेजार होतो म्हणे. आमच्याकडे तेवढ्यात लोक स्वेटर काढतात.

"पण बारा महिने गार पाणी, म्हणजे बारा महिने मासेमारी?"

"नाही जी. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी. तेव्हा त्यांची वीण असते."

"बघा दाजी, तुळशीचं लग्न लागलं की यांचीही लग्नसराई!"

कणकेचा डबा पाहून वाटाड्याने तो स्वयंपाकघरात पाठवून दिला. इथे पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो, म्हणून मागून, गुपचूप जायचं. मेहुण्याला मागून जाणं जमलं. दगडावरून घसरताना त्याने विठ्ठलाला मारलेली हाक बंजारपर्यंत गेली असावी. मासे तर त्याहून जवळ होते.

संध्याकाळी हौदातलेच दोन रेनबो वजनावर घेतले. वाटाड्याच्या आईने ते मीठ-हळद लावून तळले. मऊसूत, गुलाबी मांस, काटा कमी. मेहुण्याने एक घास खाल्ला, उठला आणि बॅगेतून येसर मसाल्याची पुडी घेऊन आला. चुलीवर रस्सा उकळला, घरभर ठसका उठला, आणि माउलीने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

निघताना तिने उरलेली पुडी ठेवून घेतली आणि माशांचे पैसे काही घेईना. मेहुणा आता गुलमंडीवर भेटेल त्याला सांगतो, ट्राउट कणकेला लागत नाही. त्याला येसर लावावा लागतो.