फॅट बत्तीस

'पर्याय' हा शब्द आमच्या गावात शेतीखात्याने आणला. बारामतीहून इंदापूरला निघालात की अंथुर्णे मागे पडतं आणि निमगाव केतकीचे पानमळे यायच्या आत आमचं शेळगाव लागतं. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं की बघाल तिकडे ऊस. वर्षा-दोन वर्षांनी कुणी साहेब येतात, देवळाच्या मंडपात माइक लागतो आणि 'उसाला पर्याय शोधा' म्हणून तासभर भाषण होतं. लोक माना डोलवतात, चहा पितात आणि घरी जाऊन ऊस लावतात.

साहेबांचं म्हणणं मनावर घेणारे गावात एकटे आमचे दादा, म्हणजे वडील. त्यांनी बोरी लावल्या, मग डाळिंब लावलं. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा बाग उपटून जळणाला घातली आणि मुकाट्याने परत उसाची कांडी धरली. पर्यायाची ही खाज त्यांच्याकडून माझ्याकडे आली. फक्त ती रानात न उतरता कॉम्प्युटरमध्ये उतरली.

साल २००८. बारामतीला कॉलेजात असताना मला शोध लागला, की विंडोज सोडूनही जगात ऑपरेटिंग सिस्टिम असतात. ज्ञान वाईट नसतं, पण कोवळ्या वयात झालं की बाधतं. त्या काळी उबुंटूवाले मागेल त्याला सीडी फुकट पाठवत, टपालखर्चही त्यांचाच. (२०११ साली त्यांनी हा दानधर्म बंद केला.) मी मागवली. काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन वस्तीवर आला. आधी त्याने पाणी मागितलं, मग चहा घेतला, आणि आत काय निघतं ते बघितल्याशिवाय हलायचा नाही म्हणाला.

"परदेशातनं फुकट पाठवलंय?" दादांनी सीडी उन्हात धरून उलटसुलट बघितली. "फुकट कोण देतंय? पुढं वसुलीला येतील."

संध्याकाळी मी पारावर लिनक्स समजावून सांगितलं. ही सिस्टिम कुणा एका मालकाची नाही, जगभरची हजारो माणसं मिळून करतात, ती सगळ्यांचीच असते, वगैरे.

"म्हंजी सहकारी," एक जण म्हणाला.

मी आनंदाने होकार भरला. तिथंच चुकलं.

"चेअरमन कोण हाय?"

"तसा चेअरमन नसतो. पण ज्यानं सुरुवात केली तो फिनलंडचा लिनस टोरवाल्ड्स. १९९१ साली, २१ वर्षांचा होता तेव्हा. अजून शेवटचा शब्द त्याचाच."

"सतरा वर्सं? आन् निवडणूक?"

"होत नाही."

"बिनविरोध!" पारावर आदराची कुजबुज झाली.

"आन् कुणाला नाय पटलं तर?"

"तर तीच सिस्टिम उचलायची, नाव बदलायचं आणि आपली वेगळी काढायची. अशा शेकड्यांनी निघाल्यात."

"हां, म्हंजी पतसंस्थांवानी." सगळ्यांनी माना डोलवल्या. लिनक्सची इतकी नेमकी व्याख्या पुढे मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर मी देव्हारा मांडावा तशा एकेक सिस्टिमी बसवत गेलो. कोलिब्री नावाची एक होती, ती अख्खीच्या अख्खी १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावायची. सुरू व्हायला काही सेकंद, आणि सुरू झाल्यावर तिचं करायचं काय हे ठरवायला दोन दिवस. रिॲक्टओएस म्हणजे विंडोजचे प्रोग्राम चालवणारी, पण विंडोज नसलेली सिस्टिम. तिची खटपट १९९६ पासून चालू आहे आणि ती अजून अल्फा, म्हणजे रांगण्याच्याच वयात आहे. सर्वांत जीव जडला तो बीओएसवर. या मुलीला १९९६ साली ॲपलचं स्थळ आलं होतं. पसंती झाली, पण देण्याघेण्यावर फिसकटलं आणि ॲपलने नेक्स्ट कंपनी घरात आणली. पाठराखणीला स्टीव्ह जॉब्ज आले. बीवाली कंपनी २००१ मध्ये पामला विकली गेली. तेव्हा तिच्या प्रेमात पडलेल्यांनी तशीच दुसरी, हायकू, घडवायला घेतली. २०२४ साली तिची पाचवी बीटा आवृत्ती आली. पहिली पूर्ण आवृत्ती कधी, असं विचारणं त्या मंडळींत अशुभ मानतात.

या प्रयोगांत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो कामी आले. पण घरातली हानी घरात राहते. खरी गोष्ट डेअरीची आहे.

गावच्या दूध संकलन केंद्रात एक कॉम्प्युटर होता. एका बाजूला काटा, दुसऱ्या बाजूला मिल्कोटेस्टर, समोर खरखर करणारा प्रिंटर. दूध ओतलं की लिटर, फॅट, एसएनएफ आणि रुपये छापलेली चिठ्ठी हातात. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. हा सगळा डोलारा विंडोज ९८ वर उभा होता, आणि कंपनीने तिची देखभाल जुलै २००६ मध्येच थांबवली होती. मी सचिवांना हा धोका समजावून सांगितला.

"दूध मोजतंय ना?" सचिव म्हणाले.

"मोजतंय."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी संधीची वाट बघितली. आषाढात तुकोबांची पालखी आली. पालखीला इंदापूरपर्यंत पोचवायला सचिव दोन दिवस वारीत गेले आणि डेअरीची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. वारीहून आलेल्या माणसाच्या लोक पाया पडतात. मी त्यांना नवी सिस्टिमच द्यायची ठरवली.

रात्री साडेदहाला लाइट आली तसा मी कामाला लागलो. आधी बॅकअप. पडद्यावर डेअरीच्या प्रोग्रामचं चित्र होतं, ते पेन ड्राइव्हवर ओढून घेतलं. सव्वाशे उत्पादकांचा हिशोब एका केबीत मावतो हे बघून मला शंका यायला हवी होती. मला कौतुक वाटलं. ते प्रोग्रामचं नुसतं शॉर्टकट होतं. म्हणजे घराचा फोटो काढून घेतला, म्हणून घर पाडायला हरकत नाही, असा तो बॅकअप होता.

मग सीडी घातली. डेअरीत राखणीला झोपणारे म्हातारबाबा घोंगडीतून उठून मागे येऊन उभे राहिले.

"फॅट बत्तीस," मी पडद्यावरचं पुटपुटलो.

"किती?" बाबा दचकले. "बत्तीस? आरं, म्हशीला सात लागंना!"

"बाबा, ही दुधाची नाही, डिस्कची फॅट."

"मंग तू काय करतुयास?"

"ही काढून टाकतो. दुसरी चांगली घालतो."

बाबा काही बोलले नाहीत. घोंगडी खांद्यावर टाकून अंधारात निघून गेले. मला वाटलं, त्यांना झोप आली.

पहाटे तीनपर्यंत सगळं बसलं. सचिवांसाठी मी वेगळं खातं काढलं, आणि सुरक्षिततेचे धडे ताजे असल्यामुळे त्या खात्याला बेताचेच अधिकार ठेवले. डेअरीचा प्रोग्राम विंडोजचा, त्याला लिनक्सवर चालवण्यासाठी वाईन नावाची सोय असते. त्याच जूनमध्ये, १५ वर्षांच्या खटपटीनंतर, तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली होती. बारामतीच्या कॅफेत बसून मी ती पेन ड्राइव्हवर आणली होती. कपाटातल्या सीडीवरून प्रोग्राम चढवला. प्रोग्राम उघडला! मी मिल्कोटेस्टरला मनोभावे नमस्कार केला आणि तिथंच पोत्यावर आडवा झालो.

सहा वाजता जाग आली ती किटल्यांच्या आवाजाने. दारात नेहमीच्या दुप्पट गर्दी. ज्यांच्याकडे जनावर नाही अशीही माणसं आली होती. पहिली किटली काट्यावर चढली. काट्यावर आकडा आला, पडद्यावर आला नाही. मिल्कोटेस्टरने फॅट सांगितली, कॉम्प्युटरने ऐकली नाही. तेवढ्यात कपाळाला गंध लावलेले सचिव हातात प्रसादाची पुडी घेऊन आत आले, खुर्चीवर बसले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"ह्ये काय म्हणतंय?"

"परवानगी नाही म्हणतंय."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"माझ्या डेअरीत मलाच परवानगी न्हाय? मग कुणाला हाय?"

"रूटला."

"कोण हा रूट?"

"तसा... मीच."

"मग दे की!"

इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं. काटा आणि मिल्कोटेस्टर ज्या वायरीने बोलतात, ती वायर वापरायचा अधिकार द्यायला एका ओळीची आज्ञा पुरते. ती ओळ मला दोन वर्षांनी कळली. त्या सकाळी मी माहीत असलेल्या बाकीच्या सगळ्या ओळी लिहून बघितल्या. लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हू लागला, दारात दूध तापायला लागलं.

"काय अडलंय?" चेअरमनांनी दारातून विचारलं. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी जवळ आलेली.

"काही नाही, वाईनमध्ये थोडा घोळ झालाय," मी मान वर न करता म्हणालो. "रात्री चांगली चालली होती."

शांतता पसरली. मग रांगेतून कुणीतरी ओरडलं, "त्येनं रात्री समद्यांची फॅट काढून टाकलीया! म्हातारबाबांनी डोळ्यांनी बघितलंय!"

फॅट हा आमच्याकडे इज्जतीचा विषय आहे. सुनेच्या माहेरावरून बोललेलं एकवेळ खपतं, म्हशीच्या फॅटवरून बोललेलं खपत नाही. मी डिस्कची फॅट, दुधाची फॅट असा भेद समजावू लागलो. जितकं समजावलं तितका संशय वाढला. शेवटी सचिवांनी त्या दिवसाचं दूध वहीत लिहून घेतलं. गर्दी पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मागच्या आठ दिसांचा हिशोब हाय ना?" तेव्हा मी पेन ड्राइव्ह उघडला, आणि कौतुकाच्या जागी शंका आली.

पुढचे दोन दिवस मी घरोघर फिरून चिठ्ठ्या गोळा केल्या. एखाद्या गावाची खरी माहिती घ्यायची असेल तर दुधाच्या चिठ्ठ्या कुठे ठेवतात ते बघावं. काही देव्हाऱ्यात निघाल्या, काही गादीखाली. एकीची कुंकवाची पुडी झाली होती, एकीवर नातवाने हत्ती काढला होता. एका आजींनी तंबाखूच्या पिशवीतून काढून दिल्या, त्या वाचताना मला शिंका येत होत्या. गावाच्या टोकाला एक मावशी राहायच्या. त्यांच्याकडे एकही चिठ्ठी नव्हती.

"चिठ्ठी कशाला लागतीया? लिहून घे. सोमवार सकाळ सहा दोन. सांच्याला सहा एक. मंगळवारी सरकी संपली हुती, पाच आठ."

सोळाच्या सोळा वेळा त्यांनी न अडखळता सांगितल्या. दोन चिठ्ठ्या पुढे चुलीमागे सापडल्या, त्यांच्याशी ताळा केला तर दशांशही चुकला नव्हता. बॅकअप कशाला म्हणतात ते मला त्या ओसरीवर कळलं.

बारामतीहून एक पोरगा मोटारसायकलवर आला आणि त्याने दोन तासांत विंडोज ९८ परत बसवली. पैसे दादांनी दिले. गावाने मला 'फॅट बत्तीस' हे नाव दिलं, ते फुकट.

दादा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत. काही वर्षांनी कळलं, तसं नव्हतं. आमच्याकडे सर्रास लावतात तो ८६०३२ ऊस. १९९६ साली पाडेगावच्या संशोधन केंद्राने तो 'नीरा' नावाने प्रसारित केला. दादांनी त्याला पर्याय म्हणून फुले २६५ लावला. जमीन खारवट, पण या उसाने तिथंही उसळी घेतली. वजन चांगलं, फुटवा चांगला. मात्र उतारा कमी पडेल म्हणून कारखान्याचा चिटबॉय नोंद घ्यायला तयार होईना. दादा बांधावर बसून उभ्या पिकाकडे बघत म्हणाले, "ऊस काय वाईट हाय का? पण नोंदच घेईनात, मग ह्याचं काय गुऱ्हाळ घालू?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुझ्या त्या सीडीचं बी तसंच झालं."

मी वीस पुस्तकं वाचली असती तरी विंडोज का हटत नाही याचं उत्तर मला इतक्या सोप्या भाषेत मिळालं नसतं. काटा तिची नोंद घेतो, प्रिंटर घेतो, परीक्षा तिच्यावर होतात, नोकऱ्या तिच्यावर लागतात. माझ्या सिस्टिमी जातिवंत होत्या. फक्त त्यांना न्यायला फडात गाडी येत नव्हती.

पण खाज मेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही देखभाल थांबली, तसा मी पेन ड्राइव्ह खिशात टाकून डेअरीत गेलो. सचिव आता म्हातारे झालेत, नजर मात्र शाबूत आहे. मला बघताच त्यांनी कॉम्प्युटरवर उपरणं टाकलं. "दूध घालायला आलास तर ये," म्हणाले.

बाहेर कट्ट्यावर त्याच मावशी बसल्या होत्या. त्यांच्या आता आजी झाल्यात. चिठ्ठ्यांचे दिवस गेले, हिशोब मोबाइलवर येतो. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बघ रं, किती लागलीया."

"सहा तीन," मी वाचलं, आणि राहवलं नाही. सतरा वर्षं ज्याची वाट बघितली ते गावातल्या प्रत्येकाच्या खिशात, मला न विचारता, येऊन बसलं होतं. "आजी, तुम्हाला म्हणून सांगतो, तुमच्या या अँड्रॉइड फोनच्या पोटात ना, लिनक्स आहे. मी त्या वेळी डेअरीत घातलं होतं, तेच."

आजींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, फोन हिसकावून घेतला आणि कमरेला खोचला.

"हात लावू नगंस," त्या म्हणाल्या. "सहा तीन लागलीया."