फोन आला की निघायचं

ट्रान्सपोर्टवाल्या शेठनं नोकरीचं वर्णन असं केलं, की त्यात नोकरी सोडून बाकी सगळं होतं. "काम नसेल तेव्हा तुम्ही घरीच. पोरांत बसा, शेतावर जा, ताणून द्या. गाडी लागली की फोन येईल. फोन आला की निघायचं. बस, एवढंच!" चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर, चाकणच्या कारखान्यात भरायचा आणि न्हावा-शेवा बंदरात नेऊन सोडायचा. पैसे खेपेवर, वर भत्ता. सध्या मी एमआयडीसीत स्टाफ बस चालवतो. पगार बेताचाच. पण कामगारांच्या शिफ्टा ठरलेल्या असल्यामुळं माझी झोप ठरलेली, भूक ठरलेली आणि घरातली भांडणंसुद्धा ठरलेल्या वेळी होतात.

खेपांचा हिशेब कागदावर मांडला तर आकडा स्टाफ बसच्या पगारापेक्षा चांगलाच मोठा येत होता. तो कागद घेऊन मी अण्णांसमोर गेलो. अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. डेपोच्या बोर्डावर ड्युटी लागल्याशिवाय त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

"कामावर किती वाजता जायचं?"

"फोन आल्यावर."

"आणि फोन किती वाजता येणार?"

"ते सांगता येत नाही."

"मग तो नोकरी देतोय का मटक्याचा आकडा?" अण्णांनी चष्मा काढला. "एसटीची पहिली गाडी १९४८ साली पुण्याहून नगरला गेली, तीसुद्धा वेळ ठरवून निघाली होती."

एकाचंच ऐकून ठरवू नये म्हणून कळंबोलीला जाऊन ट्रेलरवाल्यांबरोबर चहा घेतला. तिथं कळलं की शेठच्या हातातही काही नसतं. त्याच्या एका फोनमागं आणखी पाच फोन असतात. कारखान्याचा माल पॅक झाला का, कंटेनरला सील लागलं का, क्लिअरिंग एजंटानं कागद केले का, जहाजाचा कटऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचायची शेवटची वेळ, कधीची आहे. त्यातून फॉर्म तेरा, म्हणजे कंटेनर बंदरात घ्यायचा परवाना, आला नाही तर बंदराचं गेट उघडत नाही, मग तुम्ही सव्वाशे किलोमीटर तोडून आलेले असा नाहीतर शेजारच्या गल्लीतून. जहाज लांबलं की कटऑफ सरकतो, कटऑफ सरकला की लोडिंग सरकतं. समुद्रात कुठंतरी वारा सुटतो आणि चाकणला कुणाच्या तरी ताटातली भाकरी अर्धी राहते. "फोन येतो तेव्हा मात्र सगळ्यांना कालच पोचायचं असतं," एक बुजुर्ग म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. चहा तसाच राहिला. तो मी प्यायलो, एवढाच त्या नोकरीचा आजवर मला झालेला फायदा.

बायकोनं सुचवलं, नोकरी धरण्याआधी घरीच तालीम करून बघू. सुट्टीच्या दिवशी समजायचं, की शेठचा फोन केव्हाही येणार. सकाळी अंघोळीला गेलो तो फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. साबण डोळ्यांत आणि कान पिशवीत. शेतावर जायचं ठरवलं, तर विहिरीपाशी रेंज नाही, म्हणून बांधावरूनच पिकाची चौकशी केली. मेव्हण्याच्या साखरपुड्याला 'नक्की येतो' म्हणावं, तर 'नक्की' म्हणायची सोय नाही. आणि 'बघतो' म्हटलं तर सासुरवाडीत त्याचा अर्थ भलताच निघतो.

दुपारी बायको म्हणाली, "आता झोपा. रात्री गाडी निघाली तर?" झोप हुकमावर येत नाही, पण घरानं आपल्याकडून कसर ठेवली नाही. मिक्सर बंद. शेंगदाण्याचं कूट खलबत्त्यात, तेही चोरून. पोरं दबक्या पावलांनी चालताना जास्तच आपटत होती. अण्णा दर थोड्या वेळानं दारातून डोकावून विचारत होते, "लागली का झोप?" शेवटी डोळा लागला आणि फोन वाजला. मी पँट चढवतच उचलला. पलीकडून एक गोड आवाज मला पर्सनल लोन देत होता.

पुतण्या वकिलीचं शिकतो. त्यानं २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा वाचून दाखवला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ऐकून छाती फुगली. पुढं तो म्हणाला, काम नसताना बोलावण्याच्या तयारीत नुसतं हजर राहण्याचाही त्यात विचार केला होता. टर्मिनलवर असं थांबणं पंधरा मिनिटांच्या आतलं असेल, तर ते कामाच्या तासांत धरायचं.

"आणि पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर?"

"त्याबद्दल तसं काही लिहिलेलं नव्हतं."

"आणि घरी, पिशवीत फोन घालून?"

पुतण्यानं पुस्तक मिटलं.

गंमत बाजूला ठेवून सांगतो. मला ट्रेलरची भीती नाही. बोरघाट उतरताना लोड गाडी खालच्या गिअरमध्ये धरायची, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची नाही, हे मला ठाऊक आहे. भीती वेगळीच आहे. दिवसभर फोनकडं बघत जागलेला माणूस रात्री तो घाट उतरायला निघतो, तेव्हा शेठच्या वहीत तो 'घरी आराम करून आलेला' असतो. थकवा त्याचा, आराम हिशेबात. खेपेचे पैसे चांगले दिसतात, कारण थांबण्याचे पैसे कुणी मोजलेले नसतात. ते मोजले, तर माझ्या कागदावरचा तो मोठा आकडा स्टाफ बसच्या शेजारी येऊन मुकाट्यानं बसतो.

म्हणून शेठना सरळ सांगून आलो: गाडी चालवतो, पण निघायच्या आठ तास आधी सांगायचं, आठवड्यातला एक दिवस फोन करायचा नाही आणि गेटवर ताटकळलो तर तासावर पैसे. शेठ चिडले नाहीत. हसले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघतो. फोन करतो."

कधी, ते अर्थातच सांगितलं नाही. घरी आल्यावर बायकोनं वही उघडली, त्या दिवसाची तारीख टाकली आणि विचारलं, "थांबण्याचा दर तासाला किती लावू?"