सांडव्यावरची जाळी

ओढा अडवून तळं केलंय असं कुणी कौतुकानं सांगितलं, की मी आधी विचारतो, सांडवा कुठं आहे? होडी कुठं बांधतात, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, मासे कुठले सोडलेत, हे मालकाला तोंडपाठ असतं. जादाचं पाणी कुठून जातं, ते मात्र रखवालदाराला हाक मारून विचारावं लागतं.

मातीच्या बांधाला हा प्रश्न जिवामरणाचा आहे. लोणावळ्याच्या भुशी धरणावरून पाणी वाहायला लागलं की पायऱ्यांवर बसायला झुंबड उडते. ती दगडी भिंत आहे, ती ते सोसते. मातीचा भराव सोसत नाही. माथ्यावरून पाणी गेलं की बाहेरच्या उताराला घळ पडते, घळ मागं मागं सरकत तळ्याला भिडते आणि तिथून पुढं तळं स्वतःच बांध फोडतं. म्हणून सांडवा पुरेसा रुंद हवा, मोकळा हवा आणि बांधाचा माथा त्याच्यापेक्षा चांगला उंच हवा. डेक, दिवे, होड्या हे सगळं त्यानंतर.

गेल्या पावसाळ्यात मावळातल्या एका फार्महाउसवर असंच तळं पाहिलं. सांडवा होता, चांगला दगडात बांधलेला. पण रोहू-कटला वाहून जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडावर लोखंडी अँगल ठोकून जाळी ताणली होती. जाळीला सागाची पानं, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा यांचा लगदा चिकटलेला. जाळीच्या अलीकडं पाणी वीतभर वर चढलेलं, पलीकडं जेमतेम घोटा बुडेल एवढं. सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूच्या गोण्याही रचलेल्या, कारण उन्हाळ्यात होडी टेकते. बांधाच्या माथ्यावर बाक आणि ओळीनं गुलमोहर. पायथ्याशी उतरलो तर एका जागी गवत भोवतालपेक्षा गर्द, मधेच लव्हाळे उगवलेले, पाऊल टाकलं की पचपच.

तिथून खाली ओढ्याच्या काठाला पत्र्याची घरं आहेत. वरच्या तळ्याबद्दल कुणी काही सांगितलंय का, असं एका आजींना विचारलं. "आमाला कोन सांगतंय, दादा? पाऊस लागला की आमीच रातीचं उठून वढा बघतो."

जाळीचा हा मोह जुना आहे आणि त्याची किंमत मोजून झालेली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्कचं मातीचं धरण 1879 मध्ये एका खासगी क्लबनं घेतलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक यांच्यासारखे धनिक त्याचे सभासद. त्यांना मासेमारी आणि नौकाविहार करायचा होता. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी पाइप आधीच्या मालकानं काढून विकले होते, ते क्लबनं परत बसवले नाहीत. बांधावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. 31 मे 1889 ला मुसळधार पावसात त्या जाळ्या ओंडक्यांनी आणि कचऱ्यानं तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. सुमारे 22 किलोमीटर खालचं जॉन्सटाउन शहर झोपलं. 2,209 माणसं मेली. क्लबवर जबाबदारी काही बसली नाही.

ते धरण मोठं होतं, 72 फूट उंच. आमचं तळं केवढंसं, असं आपल्याकडचे मालक म्हणतील. त्यांनी अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातलं टोकोआ बघावं. तिथल्या एका बायबल कॉलेजच्या वरच्या अंगाला केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. उंची बारा मीटरच्या आसपास, लांबी सव्वाशे मीटरच्या आत. आधी त्यावर वीज तयार व्हायची. 1957 मध्ये ती बंद झाली आणि तलाव फक्त करमणुकीसाठी उरला. पाण्यापासून मिळकत थांबली की बांधाकडं बघायला सहसा कुणी उरत नाही. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर, सगळे झोपेत असताना, ते फुटलं. 39 माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. तपास करणाऱ्यांना एकच एक कारण ठरवता आलं नाही. बाहेरचा उभा उतार, बांधावरची झाडं, पायथ्याचा पाझर या सगळ्यांचा त्यांनी विचार केला. मावळातले ते गुलमोहर आणि ती पचपच मला म्हणूनच झोपू देत नाहीत. बांधावर गवत हवं, झाड नको. झाड वाळलं की मूळ कुजतं आणि त्या पोकळीतून पाण्याला वाट मिळते.

आता आपला कायदा काढून बघा. धरण सुरक्षा अधिनियम 2021 खासगी मालकालाही लागू होतो, ही चांगली गोष्ट. पण कुठल्या धरणाला? 15 मीटरहून उंच असेल तर थेट. 10 ते 15 मीटरच्या मधलं असेल तर लांबी निदान 500 मीटर, किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर, अशा अटींपैकी एखादी पुरी व्हायला हवी. दहा मीटरच्या आतलं धरण कायद्यानं ठरवलेल्या या धरणांच्या यादीत येतच नाही. केली बार्न्सची लांबी आणि साठा दोन्ही या आकड्यांच्या आत होते. 39 माणसं घेणारं तसलं धरण उद्या आपल्याकडं उभं राहिलं, तर त्या मोजपट्टीतून ते बाहेर राहील.

ही मोजपट्टीच चुकीच्या जागी लावलेली आहे. जॉर्जियानं 1978 मध्ये कायदा केला, त्यात धरण फुटलं तर खाली माणूस मरेल का, यावर धरणाचा वर्ग ठरतो. आपल्यालाही हेच करावं लागेल. रानात एकट्या पडलेल्या नऊ मीटरच्या बांधाला सूट द्या, पण सहा मीटरच्या बांधाखाली दहा घरं असतील तर तिथं दरवर्षी पावसाळ्याआधी अभियंता गेलाच पाहिजे, आणि त्याचा खर्च मालकानं द्यावा.

सरकारी धरणांचं काय, असा सवाल येईल आणि तो रास्त आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार गावानं आधीच केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या बांधात बिळं करतातच. म्हणून तर बांध तपासायचा असतो. तिवऱ्याला निदान तक्रार करायला एक कार्यालय होतं. फार्महाउसच्या तळ्याखालच्या वस्तीनं अर्ज कुणाकडं द्यायचा?

जबाबदारीचा एक जुना निवाडाही आठवावा असा आहे. कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचं नुकसान झालं, खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1874 मध्ये निकाल जमीनदाराच्या बाजूनं लागला. त्या मुलखात शेती तलावांवर जगते, ते राखणं हे जमीनदाराचं लोकांप्रती कर्तव्य आहे, तेव्हा हलगर्जीपणा दिसल्याशिवाय त्याला दोषी धरता येणार नाही, असं त्याचं सार. ते मला पटतं. भातासाठी पाणी अडवणाऱ्याशी समजुतीनं वागावं. पण शनिवार-रविवारच्या होडीसाठी ओढा अडवणाऱ्याला ती सवलत कशासाठी? खालच्या माणसाला त्या पाण्याचा थेंब मिळत नाही, वाट्याला येतो तो नुसता धोका. अशा तळ्याच्या मालकावर फुटीची पूर्ण जबाबदारी हवी, हलगर्जीपणा सिद्ध झाला काय नि न झाला काय. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा दाखवल्याशिवाय पर्यटनाचा परवाना देऊ नये.

पाहुण्यांचाही जीव आहेच. पाणी सोडायच्या मोरीजवळ पोहू देऊ नका, ओढ ध्यानात यायच्या आत माणूस खेचला जातो. ओढ्यावरच्या तळ्यात तळाशी गाळ असतो, पाय रुततो. प्लास्टिकच्या शेततळ्यात तर पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, कारण शेवाळलेल्या कागदावर हात-पाय ठरत नाहीत. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडायला कितीसा खर्च येतो? लाइफ जॅकेट खुंटीला टांगून ठेवायला नसतं, होडीत पाय ठेवण्याआधी अंगात घालायला असतं.

आणि मालकांनो, मे संपायच्या आत जाळी काढा, गोण्या उचला. मासे जाणार असतील तर जाऊ द्या, बोटुकली पुन्हा विकत मिळतात. तळं उतरवायचं तर हळूहळू उतरवा. एकदम रिकामं केलं तर भिजलेला आतला उतार घसरतो. पायथ्याचा पाझर रोज बघा. पाणी नितळ असेल तर नजर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. गढूळ यायला लागलं म्हणजे आतली माती निघाली आहे, तेव्हा थांबू नका. अतिवृष्टीच्या रात्री बांधावर एक माणूस ठेवा, त्याला बॅटरी द्या, त्याच्या फोनमध्ये खालच्या प्रत्येक घराचा नंबर भरून द्या. आणि मालकाला न विचारता वस्ती उठवायची मुभाही त्याला आधीच देऊन ठेवा.