सुधारणेस वाव आहे

मुरुडच्या बाजारात आमचे गुरुजी ओळखायचे ते खिशावरून. निळं पेन एक, लाल पेनं दोन.

गुरुजींचा सगळा जन्म श्रेणीत गेला. बारा वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. स्वतः मात्र गुण देताना हात कायम आखडता. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि गुणांच्या जागी अ-1 ते इ-2 अशा नऊ श्रेणी आल्या, तेव्हा ते आठवडाभर हळहळत होते. मग वर्णनात्मक नोंदींची गोडी लागली. कुणाला टोचेल असं लिहायचं नाही म्हटल्यावर वर्ग डोक्यावर घेणारा पोरगा 'उपक्रमांत उत्साहाने भाग घेतो' झाला आणि दुसऱ्याचा डबा फस्त करणारा 'इतरांत सहज मिसळतो'. उरलेल्या सगळ्यांना सरसकट 'सुधारणेस वाव आहे'.

निवृत्तीनंतर हीच भाषा घरात शिरली. आमटी खारट झाली की 'मिठाने अपेक्षेपेक्षा जास्त प्रगती केली आहे.' जावई ब-2वर अडकलाय, तो पाच वर्षं तिथेच. आपली नगरपरिषद 'क' वर्गात आहे, हे ते आल्यागेल्या पर्यटकालाही ऐकवतात. तो वर्ग लोकसंख्येवर ठरतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. 'म्हणजे हजेरी कमी,' म्हणत त्यांनी निकाल कायम ठेवला. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मात्र चिडतात. नंबर आला आणि सगळे घरी बसले, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही.

परवा त्यांच्याबरोबर मासळी बाजारात गेलो. पाटीवरची कोळीण त्यांचीच विद्यार्थिनी. गुरुजींनी पापलेटाचे कल्ले उचलून पाहिले, डोळा पाहिला, पोट दाबलं.

'अ-2.'

'अ-1 का नाय, गुरजी?'

'अ-1 अजून समुद्रात आहे.'

तिने हसत पापलेट काट्यावर टाकलं. सातशे ऐंशी ग्रॅम. भाव अकराशे रुपये किलो. गुरुजींची बोटं पेरांवर फिरू लागली, तोवर ती मोकळी झाली होती. 'आठशे अठ्ठावन्न. तुम्ही साडेआठशे द्या.' हजाराच्या हिशेबातले दीडशे परत हातात पडले. गुरुजींनी ते दोनदा मोजले.

'मोजा, गुरजी, निवांत मोजा,' ती दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बोंबील भरता भरता म्हणाली. 'सुधारनेला वाव असतो.'

परतताना गुरुजी बराच वेळ गप्प. देवळापाशी आल्यावर म्हणाले, 'सातवीत गणितात क-2 दिली होती मी हिला.'

मी काही बोललो नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनीच पुढे जोडलं, 'तेव्हा वर्गात काटा नव्हता ना.'