मुरबाड म्हणजे चौपन्न

१८९२ साली तानसा धरण झालं, तेव्हापासून शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे मोडक सागर आला, भातसा आलं. आमच्या पाड्यांच्या वाट्याला मात्र धरण उशाला आणि कोरड घशाला. चैत्र लागला की टँकर हवा आणि टँकर हवा तर आधी अर्ज हवा.

हे अर्ज एका जागी गोळा व्हावेत म्हणून माझ्या भाच्याने ऑनलाइन फॉर्म बनवला. शहापूरचे पाडे होतेच, उत्साहाच्या भरात मुरबाडचेही घेतले. पाड्याचं नाव, कुटुंबं, गुरं आणि शेवटी एक मोठा चौकोन : 'विहिरीची सद्यःस्थिती'. "मामा, लाइट गेली तरी भरलेली माहिती जाणार नाही. कुकीत साठवतो," तो म्हणाला. आमच्या ओसरीवरच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे परीक्षा दुपारीच झाली.

वेबसाइटचा सर्व्हर म्हणजे दर स्टॉपला तुमचं तोंड विसरणारा एसटीचा कंडक्टर. सरळगावला तिकीट काढा, टोकावड्याला तो पुन्हा विचारणार, "कुठून बसलात?" कुकी म्हणजे ते तिकीट, दर वेळी पुढे करायचं. ही युक्ती १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने काढली. ऑनलाइन दुकान थाटू पाहणाऱ्या एका कंपनीला गिऱ्हाइकांचे अर्धवट व्यवहार स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचे नव्हते. मग ते गिऱ्हाइकाच्याच संगणकात ठेवू, असं ठरलं. आपलं ओझं दुसऱ्याच्या घरी ठेवायची कल्पना अमेरिकेतून आली याचं मला नवल वाटलं. तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत ती सुचली असती.

पहिल्या दिवशी भाचा कुकी पुसायला विसरला. त्यामुळे एका काकूंचा फॉर्म उघडला तोच दुसऱ्या पाड्याच्या बावीस म्हशींसकट. "आमच्या कधी झाल्या?" काकूंनी विचारलं. चूक आहे, खोडतो, म्हटल्यावर त्या जरा विचारात पडल्या. "असू दे की. म्हशी दिसल्या तर टँकर मोठा येईल."

खरी गंमत एका आजोबांच्या अर्जात झाली. आजोबा विहिरीची सद्यःस्थिती १९७२ च्या दुष्काळापासून सांगायला लागले. भाचा टाइप करतोय, आजोबा सांगतायत आणि लाइट गेली. आली तेव्हा मजकूर खरंच जागेवर होता, फक्त 'तेव्हा सरपंच म्हणाले' इथपर्यंत. पुढचं सगळं गायब. आजोबांनी पुढचं पुन्हा सांगितलं. पुन्हा लाइट गेली. पुन्हा 'तेव्हा सरपंच म्हणाले'. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर आजोबांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. "भाऊ, सरपंचाचं नाव निघालं की मशीन गप होतंय. काय ते समजून घ्या."

संध्याकाळपर्यंत ही बातमी नाक्यावर पोचली. सरपंचांचा हात पार दिल्लीपर्यंत पोचलेला आहे, अशीही भर पडली.

भाचा रात्रभर कोड चाळत होता. सरपंच निर्दोष निघाले. एका कुकीत मावतात ४,०९६ बाइट. त्याहून मोठी झाली की ब्राउझर नवी घेत नाही, तक्रारही करत नाही. आधीची तेवढी जपून ठेवतो. आता रोमन लिपीत 'मुरबाड' लिहा, सहा बाइट. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन बाइट लागतात. आणि कुकीत सुखरूप बसवायला भाच्याने मजकुराचं एन्कोडिंग केलं होतं, त्यात त्या तिनाचे नऊ होतात. मुरबाड चौपन्न! शहापूरही चौपन्न, त्यामुळे दोन तालुक्यांत भांडण नको. 'विहीर आटली' एवढ्याचे चौऱ्याऐंशी. अख्ख्या अर्जाला जेमतेम साडेचारशे चिन्हं. भाच्याने फॉर्म तपासला होता तो इंग्रजीत, चार शब्द लिहून. इंग्रजीत कुणाची विहीर इतकी खोल नसते.

सकाळी त्याने कुकी काढून लोकल स्टोरेज लावलं. तिथे साधारण पाच एमबी जागा मिळते आणि ती माहिती दर वेळी सर्व्हरकडे धाडावीही लागत नाही.

आजोबांना मुद्दाम बोलावणं धाडलं. ते आले, आणि मागून पंधरा-वीस माणसं. खुद्द सरपंचही, चप्पल न काढता, दारातच उभे. भाच्याने टाइप करायला घेतलं. बहात्तर साल झालं, विहिरीचा कठडा झाला, 'तेव्हा सरपंच म्हणाले' आलं आणि लाइट गेली नाही. ओसरीवर सगळे कान टवकारून.

"लिही," आजोबा म्हणाले. "सरपंच म्हणाले, अर्ज करा."